कासाबाईच्या टमाट्याचं बी

कासाबाईबद्दल लिहायचं म्हणजे हागणदारीबद्दल लिहिणं आलं. त्याला माझा इलाज नाही. ज्यांना जेवता जेवता वाचायची सवय आहे त्यांनी हे आंचवल्यावर वाचावं. मी स्वतः नको इतक्या नाजूक पोटाचा माणूस आहे. भाजीत केस निघाला की ताट सारतो, शेजारी कुणी खाकरलं की माझा घास तोंडातच फिरतो. सेलूला आमची आई म्हणायची, ह्याला कुणी मुलगी देणार नाही, आणि दिलीच तर तिच्या हातचं हा खाणार नाही. अशा माणसाला एकोणऐंशी साली मास्तरकी मिळाली ती वालूरपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात. गावाचं नाव सांगत नाही. नाव घेण्यासारखं त्या गावानं माझ्या देखत तरी काही केलं नाही.

शाळेच्या मागच्या भिंतीला लागून कासाबाईचं घर होतं. जात धनगराची. नवरा ग्यानबा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदेच्या काठाला निघायचा आणि मृगाच्या सुमारास परत यायचा. कासाबाईसुद्धा आधी त्याच्याबरोबर हिंडायची, पण एका एडक्यानं धडक देऊन तिचा गुडघा कायमचा बिघडवला, तेव्हापासून ती घरी राहिली. चार शेळ्या आणि मागचं परसदार, एवढा तिचा संसार.

बाई गोड होती असं कुणी समजू नये. तोंडाची फटकळ, हाताची चिक्कू. मिश्री लावून पिंक टाकायची ती थेट शाळेच्या भिंतीवर. मी एकदा सांगून पाहिलं, तर म्हणाली, "भिताड सरकारचं हाय ना मास्तर? तुमच्या धोतरावर तर न्हाई ना थुकले?" मी पँट घालत होतो, पण तो मुद्दा नव्हता.

तिच्या परसात टमाटे असत. टमाटे म्हणजे आपण बाजारातून पिशवीत घालून आणतो ते नव्हेत. एकेक टमाटा माझ्या दोन पंजांत मावत नसे. मी एकदा गावच्या दुकानात एक तोलून घेतला, तो किलोला थोडाच कमी भरला. दिसायला ओंगळ. ठिकठिकाणी फुगलेला, घड्या पडलेला, देठाजवळ तडकून खपली धरलेला. बघून मला कधी भूक लागली नाही. पण खाणारे म्हणत, आंबटपणा नावालाच, गर खव्यासारखा.

हे बी तिला सेलूच्या बाजारात मिळालं होतं. कुण्या व्यापाऱ्याच्या पाटीतून एक टमाटा पडून फुटला, त्यावर माश्या बसल्या, आणि कासाबाईनं तो माश्यांसकट उचलून खाल्ला. बिया मात्र पदराला पुसून घरी आणल्या. ही हकिकत तिनं मला स्वतः, मी भाकरी खात असताना सांगितली. त्यानंतर आठ वर्षं तिनं एकच काम केलं. मोठ्यातलं मोठं फळ बियाला ठेवायचं आणि बाकीची खायची-विकायची. खड्ड्यात मेंढरांच्या लेंड्या दोन-दोन पाट्या, न्हाणीचं पाणी पाट काढून आळ्यात सोडलेलं, आधाराला तुराट्या. झाडाला चारच फळं ठेवायची आणि बाकीची फुलं निर्दयपणे खुडायची. "चार लेकरं पोसतात, चौदा उपाशी मरतात," असं म्हणायची.

बियाच्या फळाच्या देठाला ती पांढरी चिंधी बांधायची. आमच्या भागात काकडी असो, दोडका असो, चिंधी बांधलेलं फळ बियाचं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्याला चोरसुद्धा हात लावत नाही. शिळं बी ठेवायचं नाही, मागच्या सालचं सगळं पेरून टाकायचं आणि चिंधीच्या फळातून नवं काढायचं, ही तिची रीत. ते बी ती शेणात कालवून त्याची गोवरी थापायची आणि ती भिंतीवर वाळवायची. गावातल्या बायकांनी किती वेळा बी मागितलं, पण तिनं एक कणही कुणाला दिला नाही.

"अहो, द्या की दोन दाणे," मी एकदा म्हणालो.

"कामून देऊ?" ती म्हणाली. "मेंढरं नवऱ्याची, घर दिराच्या नावावर. गुडघासुदिक माझा राह्यला न्हाई. हे बी तेवढं माझं हाय. मी केलंय."

चिक्कूपणाचं एवढं चांगलं कारण मी त्याआधी ऐकलं नव्हतं. पुढं तेच तिला भोवलं.

पंच्याऐंशी सालच्या माघात शाळेला नवी खोली झाली. उद्घाटनाला जिल्ह्याचे एक मोठे साहेब येणार होते आणि जेवण सरपंच आबासाहेबांकडे होतं. आबासाहेब म्हणजे साठ एकराचे मालक. बोलताना समोरच्याच्या अंगावर थुंकी उडते हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मास्तर, त्या धनगरणीचे टमाटे साहेबाच्या ताटात पाहिजेत. तुमी तिचे शेजारी हाव. तुमाला देईल ती."

मी गेलो. कासाबाईनं कुरकुर करत चार फळं तोडून दिली. दोन झाडांवर दोन सगळ्यात मोठी फळं चिंध्या बांधून राखलेली होती. तिकडं माझी नजर गेलेली तिनं पाहिली.

"चिंधीवाल्याकडं बगू नका. ते बियाचे हायेत. ते गेले तर समदं गेलं."

हे मी आबासाहेबांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी चार फळांकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. "म्हंजी साहेबाला उरलंसुरलं वाढायचं, अन मोठं तिला?" त्यांनी आपल्या तात्यारावाकडे पाहिलं. तात्याराव म्हणजे त्यांचा उजवा हात. सगळी घाण कामं त्याच्याकडं असत. तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

उद्घाटनाच्या दिवशी कासाबाई शेळ्या घेऊन माळाला गेली. तात्याराव तिच्या परसात शिरला, चिंधीची दोन्ही फळं तोडली आणि बाहेर पडताना दाराची काटेरी झाप उघडीच टाकून आला. गावची मोकाट गुरं आत घुसली. त्यांनी काही झाडं खाल्ली आणि बाकीची तुडवली. संध्याकाळपर्यंत तिथं चिखल आणि तुराट्या एवढंच उरलं.

मला हे दुपारी ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं ते वेगळं. हात धुवायला मी मागच्या दाराशी गेलो, तिथं आबासाहेबांच्या बायको बायनाबाई विळीवर टमाटे चिरत बसल्या होत्या. विळीच्या पाटाजवळ दोन पांढऱ्या चिंध्या पडल्या होत्या. मी त्या नीट पाहिल्या. मग मी पंक्तीत जाऊन बसलो. साहेबांपासून माझं पान चौथं होतं. पत्रावळीवर तळहाताएवढ्या लालभडक फोडी आल्या, वर मीठ. साहेब "वा, वा" म्हणाले. आबासाहेब म्हणाले, आपल्याच गावचं वाण आहे. आणि मी, भाजीतला केस पाहून ताट सारणारा माणूस, त्या फोडी खाल्ल्या. बायनाबाई पुन्हा वाढायला आल्या तेव्हा मी नको म्हणालो नाही. चव फार चांगली होती, आणि ते आठवलं की अजून मला स्वतःची शिसारी येते.

कासाबाई दिवेलागणीच्या आधी आबासाहेबांच्या दारात येऊन उभी राहिली. साहेबांची जीप गेली होती. पंक्तीतले आम्ही दहा-बाराजण पान खात अंगणात बसलो होतो. तिनं आधी शिव्या दिल्या. त्या मी इथं लिहीत नाही, पण त्यातली एकही अनाठायी नव्हती. मग एकदम आवाज खाली आणून ती बायनाबाईंना म्हणाली, "बाई, साली, देठं, बुळबुळ, काय असंल ते द्या. चार दाणे द्या. माझं परस गुरांनी खाल्लं. काईच राह्यलं न्हाई वो."

"सगळं म्हशीच्या आंबोणात गेलं," बायनाबाई म्हणाल्या. "टमाट्यासाठी एवढं रडतंय का कुणी?"

आबासाहेबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा ढेकर दिला आणि पोटावरून हात फिरवला. "कासे, तुजं बी आता समद्यांच्या पोटात हाय बग. काढ भाईर!"

सगळे हसले. मीही थोडा हसलो. कासाबाईचं रडणं तिथंच थांबलं. तिनं अंगणात बसलेल्या एकेकाकडे पाहिलं, अगदी सावकाश, जसं मेंढरं वाड्यात घेताना धनगर मोजतो तसं. माझ्याकडेही पाहिलं.

"पोटात हाय ना?" ती म्हणाली. "मंग येईल की. पोटात कुणाचं काय राह्यलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात आली.

"मास्तर, तुमी कुठं बसता?"

"शाळेत," मी म्हणालो.

"शाळेत न्हवं. गोदरीला."

आधी मला कळेचना. कळलं तेव्हा मला घाम फुटला. अशी बाई हाकलून द्यावी, असं मनात आलं. पण तिचे डोळे सुजलेले होते आणि माझ्या पोटात तिचंच होतं. मी खाली मान घालून सांगितलं की ओढ्याच्या अलीकडे, तिसऱ्या बाभळीमागे. आयुष्यात इतकी किळसवाणी माहिती मी कुणाला दिली नाही.

तीन दिवस ती पुरुषांच्या गोदरीत, म्हणजे हागणदारीत, फिरली. एका पाटीत माती आणि राख, दुसऱ्या हातात बोरीच्या फांद्या. ज्या-ज्या माणसानं त्या पंक्तीत खाल्लं त्याची जागा ती शोधायची, त्यावर माती-राख लोटायची आणि डुकरांनी उकरू नये म्हणून वर काटे टाकायची. नाकाला पदर लावायची, मधूनच थुंकायची. तिलाही किळस येत होतीच, ती काही वेगळ्या मातीची नव्हती. पण तिचं काम थांबत नव्हतं.

गावात गहजब झाला. बाईमाणसानं मर्दांच्या गोदरीत यावं! तात्याराव दोन शेतं ओलांडून लांब बसू लागला. पण मेंढरामागं आयुष्य काढलेल्या बाईला माग काढायला कोण शिकवणार? त्याच्या टाचेच्या भेगेवरून तिनं त्याला गाठलं. आबासाहेब स्वतःच्या उसात बसत. त्यांच्या पंपशूचा ठसा तिनं ओळखला, आणि बांधावरून आत जाऊन राख टाकून आली. वाटेत कुणी हटकलं तर म्हणायची, "तुमचं काय घेतलं? टाकलेलंच हाय की."

बायकांनी तिला आडावर येऊ देणं बंद केलं. तिची घागर दिसली की सगळ्या आपापल्या घागरी उचलून बाजूला होत. जे गावाच्या पोटातून बाहेर पडलं त्याचा विटाळ गावाला नाही, तिला! ती मग ओढ्यातल्या झिऱ्याचं पाणी वाटीनं भरून आणू लागली. माझ्याकडेही पालक येऊन गेले. म्हणाले, मास्तर, शाळेची भिंत उंच करा, पोरांना वास येतो. वास कसलाही येत नव्हता.

आषाढात त्या काट्यांखाली टमाट्याची रोपं उगवली. कुठं काहीच नाही, कुठं एक, कुठं दोन. कासाबाईनं मुळाच्या मातीसकट सात रोपं उचलून परसात लावली. आणि तिला मी चांगला ओळखत असल्यामुळे सांगतो, तिनं ती मुद्दाम वेगवेगळ्या आळ्यांत लावली आणि कोणतं कुणाचं ते ध्यानात ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हात करून दाखवायची: "हे आबासायबाचं. हे दोन तात्यारावाचे, लय खाल्लं व्हतं त्यानं. हे मास्तराचं." माझं झाड भिंतीकडेला होतं. वर्गात पाढे शिकवताना खिडकीतून ते दिसायचं.

ग्यानबा त्या साली उशिरानं मेंढरं घेऊन आला, त्यानं सगळं ऐकलं. दोन दिवस बायकोच्या हातची भाकरी खाल्ली नाही, स्वतः थापून खाल्ली. तिसऱ्या दिवशी परसात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आबासायबाचं कोन्तं?" तिनं दाखवलं. "त्याला लेंड्या कमी घाल. आधीच लय माजलंय." त्या दिवसापासून तो तिच्या हातचं पुन्हा खाऊ लागला.

गाव मात्र तिच्या दारावरून जाताना थुंकायचं. अगदी ठरवून, पंक्तीत वाढल्यासारखं एकामागून एक. बायनाबाई तर म्हणत, नाव काढलं तरी पोटात उमळतं. मी ह्या गावात येण्याच्या आदल्या वर्षी, नामांतराच्या दंगलीत, ओढ्यापलीकडची आठ घरं कडब्यासकट पेटवून दिली होती. घरं ज्यांची जळाली ती माणसं त्याच गावात राहत होती, आणि गोदरी त्यांच्याच दारापुढं होती. कुणी पेटवली हे लहान पोरं मला सांगत. त्या पेटवणाऱ्यांपैकी एकाच्याही पोटात उमळल्याचं मी ऐकलं नाही. त्यांना किळस आली ती टमाट्याची.

थंडीत फळं धरली. कासाबाई रोज झाडाजवळ उकिडवी बसून बोटांनी फळाचा घेर मोजायची. वाण बिघडलं की टिकलं, हेच तिला पाहायचं होतं. पौषात पहिलं फळ पिकलं, ते आधीच्या सालापेक्षा कणभरही लहान नव्हतं. तिनं त्याला चिंधी बांधली आणि तिथंच मातीत बसून राहिली. मी खिडकीतून पाहत होतो. गुडघा दुखतोय की रडतेय, कळलं नाही.

सगळ्यात मोठी फळं आबासाहेबांच्या झाडाला आली. ही गोष्ट लपून राहणं शक्यच नव्हतं. पोरं पाठीमागून "आबासायबाचा टमाटा" असं ओरडून पळू लागली. तेव्हा ते स्वतः तिच्या दारात आले, पण झापेच्या आत पाऊल टाकलं नाही.

"ते झाड उपट."

"तुमचंच लेकरू हाय," कासाबाई म्हणाली. "तुमीच या अन उपटा."

ते तिथंच उभे राहिले. तात्यारावाला म्हणाले, तू जा. तात्याराव म्हणाला, मालक, तेवढं सोडून दुसरं काय बी सांगा. दोघंही निघून गेले. त्या साली तिनं परसाला झाप लावलीच नाही.

पुढचं साल वाईट गेलं. पाऊस जवळजवळ झालाच नाही, झिरा आटला, दोन मेंढरं मेली. पूर्णेपलीकडं चारा-पाणी आहे अशी पेपरातली बातमी मी वाचून दाखवली तशी ग्यानबानं ठरवलं की दिवाळीची वाट न पाहता निघायचं, पार तिकडं जायचं, आणि पुन्हा पाऊस पडेपर्यंत माघारी फिरायचं नाही. ह्या खेपेला सोबतीला दुसरं माणूस नव्हतं. कासाबाईला त्या गुडघ्यावर चालणं भाग होतं. परसात पाणी घालायला कुणी नव्हतं, आणि पावसात-उन्हात हिंडताना बी कुजणार हे तिला ठाऊक होतं.

निघायच्या आदल्या दिवशी ती शाळा सुटल्यावर आली. पदराखाली गोवरी होती.

"मास्तर, एक इचारते. खरं सांगा." ती पायरीवर बसली. "त्या जेवणाच्या रोजी तुमाला ठावं व्हतं का, पानात वाढले ते चिंधीवालेच हायेत म्हून?"

मी काय बोलणार याकडे तिचं सगळं लक्ष लागलं होतं. गावात दुसरं कुणी नव्हतं ज्याच्याकडं तिनं ते बी ठेवावं. मी खरं सांगितलं असतं तर ती उठून गेली असती, आणि बी तिच्याबरोबर गेलं असतं. तेव्हा मी मनाशी असं म्हणालो की बी वाचावं म्हणून मी खोटं बोलतोय. पण ते काही खरं नाही. मला फक्त तिच्यासमोर आबासाहेबांच्या रांगेत बसायचं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "मला नव्हतं माहीत."

तिनं मोठा श्वास सोडला. "मला वाटलंच व्हतं. मी ह्यांनाबी म्हनलं, मास्तर तसा माणूस न्हाई. त्यांला कुणी सांगितलंच नसंल." आणि तिनं ती गोवरी माझ्या दोन्ही हातांवर ठेवली. "एक साल पेरा, बियाचं राखा, मंग मी येते. कुणाला दिऊ नका."

गोवरी वाळलेली होती, हलकी होती, तिला कसलाही वास नव्हता. ती गेल्यावर मी हात तीनदा धुतले.

त्याच साली माझी बदली सेलूला झाली. मी घरामागच्या जागेत ते बी लावलं, राखलं, पुन्हा लावलं. दोन वर्षांनी कासाबाई बाजाराच्या दिवशी आमचं घर विचारत आली. बरीच खंगली होती, काठी धरून चालत होती. मी तिला ओंजळभर बी दिलं. तिनं ते पदरात बांधलं, चहा घेतला, आमच्या भिंतीवर एक पिंक टाकली, आणि माझ्या बायकोला म्हणाली, "बाई, समद्या गावानं माझं बी खाल्लं. एकटे मास्तर व्हते म्हून राह्यलं."

बायको ही गोष्ट आल्यागेल्या पाहुण्यांना फार अभिमानानं सांगते. तिनं सांगायला सुरुवात केली की मी हात धुवायला उठतो.